वाण्याची वही आणि बँकेचं कार्ड

मागच्या महिन्यात एका रविवारी दुपारी पुतणीचा फोन आला. जेवणं उरकून मी नुकतीच आडवी झाले होते. आवाजात नुसता उत्साह.

"काकू, आनंदाची बातमी!"

सव्वीस वर्षांच्या मुलीने असं म्हटलं की आपल्या मनात जे येतं तेच माझ्याही मनात आलं. उठून बसले. म्हटलं, "सांग, कोण आहे?"

"कोण नाही गं! मला नव्या बँकेचं कार्ड मंजूर झालंय. लिमिट किती असेल सांग? दोन लाख!"

खरं सांगते मैत्रिणींनो, पगारवाढ झाल्यावर सुद्धा ही मुलगी एवढी खूश झाली नव्हती. हिंजवडीत नोकरी, पगार हातात येतो पंचावन्न हजार. त्यात दोघींत मिळून घेतलेल्या फ्लॅटचं भाडं, डबा, स्कूटरचं पेट्रोल. आणि हिला दोन लाख 'मिळाले'. मी विचारलं, मिळाले म्हणजे नक्की काय झालं? तर म्हणाली, "म्हणजे वापरता येतील ना आता."

मग हळूच दुसरी गोष्ट बाहेर आली. पहिल्या कार्डावर साठ हजार थकले होते. थोडा फोन, थोडी गोव्याची ट्रिप, मैत्रिणीच्या लग्नातले कपडे, आणि बाकीचं कशाकशाचं तिलाही आठवत नव्हतं. नवी बँक म्हणत होती, ते साठ हजार आमच्याकडे आणा, तीन महिने व्याज शून्य. याला म्हणतात बॅलन्स ट्रान्सफर. "म्हणजे जुनं कर्ज मिटलंच की काकू!"

हे वाक्य मी याआधी एकदा ऐकलं होतं. माझ्याच तोंडून.

२००६ सालची गोष्ट. तेव्हा आम्ही डोंबिवलीत राहायचो. मी शाळेत शिक्षिका, हातात साधारण अकरा हजार यायचे. स्टेशनच्या जिन्याखाली टाय लावलेली मुलं टेबल मांडून उभी असायची. 'मॅडम, लाइफटाइम फ्री.' पगाराची स्लिप आणि रेशन कार्डाची झेरॉक्स दिली की पंधरा दिवसांत कार्ड घरी. लाइफटाइम म्हणजे कुणाचं लाइफटाइम, हे विचारायचं सुचलं नाही. घरात पहिल्यांदाच माझ्या एकटीच्या नावाचं असं काहीतरी आलं होतं. त्या कार्डावरचं माझं नाव मी चार वेळा तरी वाचलं असेल.

त्याच वर्षी ह्यांच्या कंपनीत तीन महिने काम बंद होतं आणि आईच्या डोळ्यांचं ऑपरेशन निघालं. कार्ड घासलं. मुलाची फी कार्डावर, सासूबाईंची औषधं कार्डावर. पस्तीस हजारांची मर्यादा, त्यातले बत्तीस हजार गेले. बिल यायचं, त्यावर दोन आकडे. एक मोठा, एक छोटा. छोट्यापुढे लिहिलेलं असायचं 'किमान देय रक्कम'. मी छोटा आकडा भरायची आणि बिल भरलं म्हणून निवांत व्हायची. घरात सांगितलं नव्हतं. ह्यांचा पगार बंद, त्यात आणखी ही भर कशाला, असं वाटायचं. खरं तर लाज वाटायची.

मग एका दुसऱ्या बँकेतून गोड आवाजाच्या मुलीचा फोन आला. तुमचं कर्ज आमच्याकडे आणा, सहा महिने बिनव्याजी. मला तर देव पावल्यासारखं झालं. आणलं. पहिल्या कार्डाचं पुढचं बिल आलं, त्यावर शून्य! 'मिटलंच की,' मी स्वतःशीच म्हणाले.

खरी चूक इथून पुढे झाली. जुनं कार्ड मोकळं झालं होतं आणि मी ते बंद केलं नाही. असू दे, अडीअडचणीला, म्हणून कपाटात ठेवलं. आणि अडचणी कधी कमी असतात का? दिवाळी आली. फ्रिज गळायला लागला होता. नणंदेच्या मुलीच्या लग्नातला आहेर. सहा महिन्यांत ते कार्ड पुन्हा काठोकाठ भरलं. पस्तीस हजार. नव्या कार्डावर मी दर महिन्याला तो छोटा आकडा तेवढा भरत होते, त्यामुळे तिथेही साडेतेवीस हजार शिल्लक होते, आणि बिनव्याजी मुदत संपली होती. बत्तीस हजारांचं कर्ज 'मिटवायला' निघालेली मी, अठ्ठावन्न हजार पाचशेवर येऊन बसले. दोन्ही कार्डांवर महिन्याला तीन टक्क्यांच्या आसपास व्याज, त्यावर सेवा कर. महिन्याला एकोणीसशे रुपयांच्या वर नुसतं व्याजातच जायचं.

शेवटी एका दुपारी सासूबाईंनीच विचारलं, हल्ली पोस्टमन आला की तू दचकतेस का? मग सगळं सांगितलं. त्या चौथी शिकलेल्या. शांतपणे ऐकून घेतलं, आणि विचारलं, "एवढी उधारी होईपर्यंत त्यानं वही बंद नाही केली?"

त्यांच्या डोळ्यांपुढे गावचा वाणी होता. त्याच्याकडे लाल कापडी बांधणीची वही असायची. महिन्याचा माल लिहून न्यायचा, पगाराला चुकता करायचा. एखाद्या महिन्यात राहिलं तर राहिलं. पण दोन महिने साचले, की तो साखर बांधता बांधता सहज म्हणायचा, 'वहिनी, मागचं जरा बघा हं.' आणि तिसऱ्या महिन्यात पुडी बांधायचाच नाही. त्या अपमानाचा त्यांना त्या वेळी फार राग यायचा म्हणे. पण घर त्या अपमानामुळेच वाचायचं.

वाणी उधारी वाढली की माल देणं थांबवतो, आणि बँक नेमानं किमान रक्कम भरणाऱ्या बाईची उधारीची मर्यादा वाढवून देते. मला त्या दिवशी हा फरक कळला. वाण्याचं पोट मालाच्या विक्रीवर असतं, उधारी ही त्याची डोकेदुखी. कार्डाच्या धंद्यात थकलेली उधारी हाच माल. जी बाई दर महिन्याला पूर्ण बिल भरते, तिच्याकडून बँकेला दुकानदाराने दिलेलं कमिशन आणि फार तर वार्षिक फी मिळते. खरी आवडती गिऱ्हाईक कोण? जी बुडवतही नाही आणि पूर्ण भरतही नाही. अगदी मी होते तशी.

तर पुतणीला मी म्हटलं, कागद-पेन घे. (मोबाइलमध्ये नको, कागदावर. कागदावर लिहिलेला आकडा जास्त टोचतो.)

आजकाल बहुतेक कार्डांवर महिन्याला साडेतीन टक्के, काही ठिकाणी पावणेचार टक्के व्याज लागतं. ऐकायला काहीच वाटत नाही. वर्षाचे झाले बेचाळीस ते पंचेचाळीस टक्के, आणि तेही चक्रवाढ सोडून. २००८ साली राष्ट्रीय ग्राहक आयोगाने वर्षाला तीस टक्क्यांहून जास्त व्याज घेणं ही अनुचित प्रथा ठरवली होती. बँका सर्वोच्च न्यायालयात गेल्या आणि २० डिसेंबर २०२४ रोजी न्यायालयाने आयोगाचा तो निर्णय रद्द केला. व्याजाचे दर ठरवणं आयोगाचं काम नाही, असं ठरलं. म्हणजे तीस टक्क्यांची ती वेसणही आता नाही. शिवाय कार्डाच्या व्याजावर अठरा टक्के जीएसटी लागतो. घरकर्जाच्या व्याजावर तो लागत नाही, कार्डाच्या व्याजावर लागतो, हे कितीजणींना माहीत असतं?

आता तिचे साठ हजार घ्या. साडेतीन टक्क्यांनी महिन्याचं व्याज २,१०० रुपये. त्यावर जीएसटी ३७८. झाले २,४७८. किमान देय रक्कम साधारण पाच टक्के धरली तर ३,००० रुपये. म्हणजे तिने तीन हजार भरले की कर्ज कमी होणार फक्त ५२२ रुपयांनी! त्या वेगाने, एक पैसाही नवा खर्च न करता, साठाचे तीस हजार व्हायला साडेसहा वर्षं लागतात. अर्धं व्हायला, बरं का, संपायला नव्हे. तेच दर महिन्याला पाच हजार ठोकून भरले तर सगळं कर्ज सतरा महिन्यांत संपतं.

फोनवर बराच वेळ शांतता होती. मग म्हणाली, "काकू, पण बिलात तर तो तीन हजाराचाच आकडा ठळक असतो."

असतो ना. बिलाच्या कोपऱ्यात एक वाक्यही असतं, की दर महिन्याला फक्त किमान रक्कम भरत राहिलात तर परतफेड कित्येक महिने, वर्षं लांबेल आणि व्याज चढत जाईल. रिझर्व्ह बँकेने ते वाक्य छापायला लावलंय. सिगारेटच्या पाकिटावर असतं ना, तसंच ते. वाचतं कोण? आणि आणखी एक गोष्ट, जी माझ्या शिकल्यासवरलेल्या मैत्रिणींनाही ठाऊक नसते. कार्डाने खरेदी केली की वीस ते पन्नास दिवस व्याज लागत नाही, हे सगळ्यांना पाठ असतं. पण मागच्या बिलातलं काही थकलं असेल, तर ही सवलत उडते. मग आज आणलेल्या किराण्यावरही आजपासूनच व्याज. आणि कार्डाने एटीएममधून रोख काढली तर सवलत मुळातच नाही. पहिल्या दिवसापासून व्याज, वर काढण्याची फी वेगळी.

आता त्या शून्य टक्क्याकडे येऊ. 'शून्य' या शब्दावर माझा राग आहे, हे आधीच कबूल करते. २०१३ च्या सप्टेंबरात रिझर्व्ह बँकेनेच बँकांना बजावलं होतं, की शून्य टक्के व्याज असं काही नसतंच. व्याजाचा भाग प्रोसेसिंग फीसारख्या नावाखाली गिऱ्हाइकाकडून वसूल होत असतो. म्हणून आता दुकानात 'नो कॉस्ट ईएमआय' असं म्हणतात. तिथे व्याजाइतकी सूट किमतीत आधी दाखवतात, मग हप्त्यातून व्याज घेतात, आणि त्या व्याजावरचा जीएसटी तुमच्या माथी. वर प्रोसेसिंग फी. कॉस्ट गेली कुठे, तर नाव बदलून आतल्या खोलीत जाऊन बसली.

कार्डाच्या स्वागताच्या ऑफरही अशाच. पहिल्या वर्षी फी माफ, दुसऱ्या वर्षी गुपचूप बिलात. नव्वद दिवसांत अमुक इतका खर्च केलात तर हजाराचं व्हाउचर. म्हणजे हजार रुपयांसाठी न लागणारी दहा-वीस हजारांची खरेदी. आपण बायका 'दोनावर एक फ्री' बघून नको असलेला तिसरा कुर्ता आणतो, त्याचाच हा थोरला भाऊ. यावर फार बोलत नाही, कारण यात माणूस बुडत नाही, फसतो तेवढा. बुडतो तो बॅलन्स ट्रान्सफरमध्ये.

पण गंमत अशी, की पुतणीला मी बॅलन्स ट्रान्सफर घेऊ नको असं म्हटलं नाही. हिशेब केला तर ते फायद्याचं होतं. फी दोन टक्के, म्हणजे १,२००, त्यावर जीएसटी २१६. एकूण १,४१६ रुपये. तीन महिन्यांत वीस-वीस हजार भरून मोकळी झाली, तर जुन्या कार्डावर तेवढ्याच काळात जे पाच हजारांच्या वर व्याज गेलं असतं, ते वाचतं. साडेतीन हजारांहून जास्त फायदा. फक्त 'तर' हा शब्द नीट ऐकायचा. तीन महिन्यांनंतर उरलेल्या रकमेवर तेच साडेतीन टक्के सुरू. ऑफर देणारे हिशेबात कच्चे नसतात. बऱ्याच जणींकडून तीन महिन्यांत फिटणार नाही, हे त्यांना माहीत असतं, आणि त्या बऱ्याच जणींच्याच जिवावर ही ऑफर चालते.

मी तिला म्हटलं, तुला वीस हजार काढता येतील का खरंच? भाड्याचे, डब्याचे, पेट्रोलचे वजा करून सांग. तिने मांडलं. जेमतेम जमत होतं. तीन महिने बाहेर जेवण बंद, दिवाळीचा बोनस त्यातच. नसतं जमत तर मी तिला वेगळाच रस्ता सांगितला असता. बँकेचं किंवा पतपेढीचं साधं वैयक्तिक कर्ज, ठरलेला हप्ता, ठरलेली शेवटची तारीख. त्यात कुणी शून्याचं आमिष दाखवत नाही, पण शेवटचा हप्ता कुठल्या महिन्यात आहे ते पहिल्या दिवशी कळतं.

मी २००७ मध्ये तेच केलं होतं. आमच्या शिक्षकांच्या पतपेढीतून साठ हजार काढले, बारा टक्क्यांनी, तीन वर्षांसाठी. हप्ता किती आला असेल? दोन हजार. आणि कार्डांवर मी महिन्याला नुसतं व्याज आणि कर मिळून एकोणीसशेच्या वर भरत होते! साठ-सत्तर रुपये जास्त टाकले आणि तीन वर्षांत सुटले. पतपेढीच्या अर्जावर जामीनदार म्हणून दोन सहकाऱ्यांच्या सह्या घ्याव्या लागल्या. स्टाफरूममध्ये सगळ्यांना कळलं. त्या लाजेला भिऊनच तर मी वर्षभर गप्प बसले होते. गप्प बसण्याचं भाडं केवढं पडलं, ते वर लिहिलंच आहे.

एक बारकी अट मात्र पुतणीला तीनदा सांगितली. ज्या कार्डावर कर्ज हलवलंय, त्या कार्डाने काही म्हणजे काही विकत घ्यायचं नाही. एक पेन सुद्धा नाही. कारण हलवलेली रक्कम बाकी असेपर्यंत नव्या खरेदीला ती वीस-पन्नास दिवसांची सवलत बहुतेक कार्डांवर मिळत नाही. आणि तुम्ही भरलेले पैसे कशात वळते होतात, तेही बँकेच्या अटींत लिहिलेलं असतं. बऱ्याच ठिकाणी क्रम असा, की फी आणि व्याजानंतर आधी ट्रान्सफरची रक्कम, मग खरेदी, शेवटी रोख काढलेली. म्हणजे तुमचे पैसे स्वस्त कर्ज फेडत राहतात आणि महागडं कर्ज मागे व्याज खात बसतं. मी तेव्हा मुलाचे शाळेचे गणवेश त्याच 'बिनव्याजी' कार्डावर घेतले होते. त्यावर पहिल्या दिवसापासून व्याज लागलं होतं, हे मला बिलं नंतर एकत्र लावल्यावर कळलं.

माझी भाची न्यू जर्सीत असते. तिला हे सांगितलं तर ती म्हणाली, मावशी, आमच्याकडे उलटं आहे. तिथे २००९ च्या कायद्याने ठरवलं, की किमान रकमेच्या वर जे भराल ते आधी सर्वांत जास्त व्याजाच्या कर्जात जमा करायचं. आणि सुरुवातीचा सवलतीचा दर दिला तर तो निदान सहा महिने टिकला पाहिजे. तिथल्या बायका काही आपल्याहून हुशार नाहीत. त्यांच्याकडे कायद्याने बिलातली एक ओळ बदलली. आपल्याकडे हा क्रम उलटा करायला काय हरकत आहे? माझं तर स्पष्ट मत आहे, की आर्थिक साक्षरतेची शिबिरं भरवून बायकांना शहाणं करण्याआधी हे करावं. दर वेळी गिऱ्हाइकानेच का शहाणं व्हायचं?

तसे आपल्याकडेही काही चांगले नियम झालेत, ते सांगायला हवेत. रिझर्व्ह बँकेने २०२२ मध्ये कार्डांसाठी सविस्तर निर्देश काढले. न मागता कार्ड पाठवायचं नाही. पाठवून वर पैसे लावले, तर ते परत करून शिवाय दुप्पट दंड गिऱ्हाइकाला द्यायचा. तुमच्या स्पष्ट संमतीशिवाय मर्यादा वाढवायची नाही. बिलाची तारीख उलटून तीन दिवसांच्या वर गेल्याशिवाय उशिराचा दंड लावायचा नाही. आणि मला सर्वांत आवडलेला नियम: कार्ड बंद करायचा अर्ज केला, आणि काही बाकी नसेल, तर कामाच्या सात दिवसांत बंद केलंच पाहिजे, नाही केलं तर पुढच्या प्रत्येक दिवसाला पाचशे रुपये बँकेने तुम्हाला द्यायचे. पूर्वी कार्ड बंद करायला फोन केला की 'मॅडम, का बंद करताय, तुम्हाला अजून चांगली ऑफर देतो' म्हणून अर्धा तास खात. तक्रार करून महिन्यात उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येतं, फुकट. १४४४८ या नंबरवर माहिती मिळते.

पण मर्यादेबद्दल मात्र कुठलाही नियम आपल्या कामाचा नाही, तो आकडा आपल्याच डोक्यात बसायला हवा. लिमिट म्हणजे आपली ऐपत नव्हे. आपण किती कर्ज ओढू शकू याचा बँकेने बांधलेला तो अंदाज आहे, आणि त्यात तुमच्या आईचं ऑपरेशन, नवऱ्याची गेलेली नोकरी, घरमालकाने वाढवलेलं भाडं काही धरलेलं नसतं. घरात डब्यात दहा हजार असले तर आपण त्यातले दहा हजार खर्च करायला जात नाही. निम्मे संपले की हात आखडतो. कार्डाचं उलटं. तिथे 'अजून एक लाख चाळीस हजार शिल्लक' असं दाखवतात. शिल्लक! शब्द बघा. उसने न घेतलेल्या पैशाला शिल्लक म्हणायचं.

त्यात २०२२ पासून रुपे क्रेडिट कार्ड यूपीआयला जोडता येतं. म्हणजे आता किराणा दुकानातला क्यूआर स्कॅन केला, की पैसे खात्यातून गेले की उधारीतून, हे बोटालाही कळत नाही. पूर्वी कार्ड काढायला पर्स तरी उघडावी लागायची.

आता हे वाचून कुणी म्हणेल, मग कार्डच नको. तसं मी म्हणत नाही. विशेषतः बायकांना तर अजिबात नाही. आपल्याकडे कित्येक घरांत बाईकडे कार्ड असतं ते नवऱ्याच्या कार्डाचं 'ॲड-ऑन'. बिल त्याच्याकडे, देण्याची जबाबदारी त्याची, आणि वेळेवर फेडल्याची नोंदही त्याच्याच नावावर. माझ्या एका शेजारणीचे यजमान अचानक गेले. मूळ कार्ड थांबलं, तसं तिचंही थांबलं. पंचवीस वर्षं घर चालवलेल्या, एकही बिल उशिरा न भरलेल्या त्या बाईच्या नावावर कर्जफेडीचा कसलाच इतिहास नव्हता. मुलीच्या शिक्षणाच्या कर्जासाठी गेली, तर समोरचा साहेब कॉम्प्युटरमध्ये बघून म्हणाला, "मॅडम, तुमची तर नोंदच दिसत नाही." त्या दिवशी ती घरी येऊन रडली, पैशासाठी नव्हे, त्या वाक्यासाठी.

म्हणून स्वतःच्या नावाचं एक कार्ड असावं, असं मला वाटतं. उत्पन्न नसेल तर मुदत ठेवीवर मिळतं. वीस-पंचवीस हजारांची ठेव ठेवली की तेवढ्याच आसपास मर्यादा. महिन्याचं विजेचं बिल, गॅस, एवढंच त्यावर, आणि पूर्ण बिल भरायचं. तीनशे ते नऊशेच्या मधला तो स्कोअर आपोआप उभा राहतो. मर्यादेच्या तीस टक्क्यांच्या आत खर्च ठेवावा असं जाणकार सांगतात, तेही स्कोअरसाठीच. पण 'स्कोअरसाठी मोठी मर्यादा घ्या' हा सल्ला मला अर्धवट वाटतो. ज्या बाईचा हात आवरतो तिला तो लागू पडेल. माझ्यासारखीला नाही. माझ्या कार्डाची मर्यादा आजही चाळीस हजार आहे. बँकेचा वाढवायचा मेसेज दर दोन-तीन महिन्यांनी येतो. मी उत्तर देत नाही.

पुतणीने बॅलन्स ट्रान्सफर घेतलं. नव्या कार्डाचं लिमिट ॲपमध्ये जाऊन दोन लाखांवरून पंच्याहत्तर हजारांवर आणलं. तेव्हा त्या ॲपने तिला दोनदा विचारलं म्हणे, 'नक्की?' वाढवताना एकदाही विचारलं नसतं, अशी माझी खात्री आहे. पहिला वीस हजारांचा हप्ता पाच तारखेला गेला.

मग तिने तो प्रश्न विचारला, ज्याची मी वाट बघत होते. "काकू, जुनं कार्ड आता मोकळं झालंय. राहू दे का, अडीअडचणीला?"

मी म्हटलं, आधी बँकेकडून काही बाकी नाही असं लेखी घे, आणि मग बंद करायचा अर्ज कर. कागदावर तारीख लिहून ठेव. तिने सोमवारी अर्ज टाकला. आज कामाचा पाचवा दिवस आहे. बँकेतून दोन फोन येऊन गेलेत. दुसऱ्या फोनवर म्हणे त्यांनी तिला मर्यादा दीड लाख करून देतो असं सांगितलं.